मालमत्ता क्रमांक सतरा

सूचना आली की ती पाळायची, या एका तत्त्वावर दामोदररावांनी सरकारी कचेरीत छत्तीस वर्षं काढली आणि निवृत्तीच्या दिवशी हार-नारळाबरोबर तेच तत्त्व ते घरी घेऊन आले. तेव्हा सोमवारी सकाळी कॉम्प्युटरने ‘नवीन अपडेट तयार आहे, आत्ताच घ्यावे’ असं म्हटल्यावर त्यांनी काय केलं असेल, हे लक्ष्मीदेवींना स्वयंपाकघरातूनच कळायला हवं होतं. पण त्यांचे दोन्ही हात दोडक्याच्या शिरा काढण्यात गुंतले होते, आणि बेचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला बटणांपासून लांब ठेवायची सवय त्यांना लागली होती ती फक्त मिक्सरच्या बाबतीत.

बाहेर येऊन बघतात तर दामोदरराव खुर्चीत हात जोडल्यासारखे बसलेले. स्क्रीनवर एक चक्र फिरत होतं आणि खाली लिहिलं होतं, बंद करू नका.

“अहो, पंखा तरी बंद करा. अंगावर शाल घेऊन पंख्याखाली कोण बसतं?”

“बंद करू नका अशी सूचना आहे,” दामोदरराव म्हणाले.

“ती कॉम्प्युटरपुरती.”

“तसं स्पष्ट लिहिलेलं नाही.”

दीड तास पंखा फिरला, चक्र फिरलं. मग कॉम्प्युटर जागा झाला आणि त्याने पाच-सहा प्रश्न विचारले. दामोदररावांनी कपाटातून जाड पुठ्ठ्याची वही काढली, प्रत्येक प्रश्न तारखेसह उतरवून घेतला आणि प्रत्येकाला होकार दिला. विचारणाऱ्याने इतक्या अदबीने विचारल्यावर नाही म्हणणं त्यांना उद्धटपणाचं वाटलं.

“झालं?” लक्ष्मीदेवींनी विचारलं. “आता माझा पडदा दाखवा.”

इथे पडद्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचे सगळे प्रकार त्या पडद्यापायी झाले.

म्हैसूरच्या अग्रहार या जुन्या वस्तीत, त्यांच्या गल्लीच्या टोकाला रंगारी समाजाचं अंबाभवानीचं छोटं देऊळ आहे. चार-पाच पिढ्यांपूर्वी ही मराठी घरं कपडा रंगवायला आणि छापायला म्हैसुरात आली. आता त्यांतले कोणी बँकेत, कोणी औषधाच्या दुकानात, कोणी अमेरिकेत. रंगाचा संबंध उरला तो एवढाच, की लग्नात साडी दाखवली की गल्लीतली म्हातारी माणसं अजून काठ नाकाशी नेऊन बघतात. देवीच्या पाठीमागे मात्र साठ वर्षं एक छापील पडदा होता. लक्ष्मीदेवींच्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, लाकडी ठशांनी छापलेला. पांढऱ्यावर लाल वेल, आणि मध्ये लाल भुईवर पांढरे हत्ती. हिरड्याच्या पाण्यात भिजवलेलं कापड, तुरटीचा ठसा आणि मंजिष्ठेचा काढा. त्या काढ्याने आप्पांची नखं कायमची लाल झाली होती. पानात भात वाढताना ती नखं पांढऱ्या भातावर दिसायची, आणि छोट्या लक्ष्मीला वाटायचं की सगळ्यांच्याच वडिलांची नखं अशी असतात.

गेल्या नवरात्रात समईची वात पडद्याच्या कोपऱ्याला लागली. लोक धावले, पण हत्ती गेले. उरलेलं कापड पुजाऱ्यांनी श्रीरंगपट्टणला नेऊन कावेरीत सोडलं. मागे राहिला तो एक फोटो. दामोदररावांनी कधी काळी देवळाच्या मालमत्तेची यादी करताना समई, घंटा, पळी-पंचपात्री अशा प्रत्येक वस्तूचा फोटो काढला होता. त्यात पडद्याचा नंबर सतरावा.

त्या फोटोवरून नवा पडदा छापायचं ठरलं. नंजनगूडला विजयेंद्र नावाच्या माणसाचा कापडावर छपाई करणारा मोठा कारखाना होता. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत फोटो मंजूर होऊन त्याच्या हातात पडला, तर घटस्थापनेला पडदा तयार. त्यानंतर त्याचं मशीन दिवाळीपर्यंत रिकामं नव्हतं.

आणि तसं झालं नाही तर? तर काय, हे समाजाचे अध्यक्ष मानाजीराव यांनी आधीच जाहीर केलं होतं. फ्लेक्स. दहा फुटी, चकचकीत, मधोमध ‘नवरात्रोत्सवाच्या हार्दिक शुभेच्छा’ आणि डाव्या हाताला हात जोडलेले स्वतः मानाजीराव. पडदा झाला तर फ्लेक्स फाटकावर, नाही झाला तर आत, देवीच्या पाठीमागे. आप्पांच्या हत्तींच्या जागी मानाजीराव नऊ दिवस देवीच्या खांद्यावरून डोकावत उभे राहणार, या विचारानेच लक्ष्मीदेवींना घास गोड लागत नव्हता.

“दाखवा ना,” त्या पुन्हा म्हणाल्या.

दामोदररावांनी फोटोंची पेटी उघडली. आत सहाशे चाळीस फोटो होते, आणि सहाशे चाळीस ठिकाणी एकच चित्र होतं. दोन निळे डोंगर आणि वर एक सूर्य.

“हे कुठले हो डोंगर?”

“कोडगूचे असतील. आपण गेलो होतो की पंच्याऐंशी साली.”

“तेव्हा कॅमेरा होता आपल्याकडे?”

दामोदररावांनी पुढचे फोटो उघडले. नातीचं बारसं, मुलाचं लग्न, समई, पळी, गुडघ्याचा एक्स-रे, सगळ्यांच्या जागी तेच डोंगर आणि तोच सूर्य. माणसाच्या सगळ्या आयुष्याचा असा एकसारखा देखावा झालेला बघून लक्ष्मीदेवी खुर्चीत बसल्या. मग उठल्या, आणि जिन्याखाली उभं राहून त्यांनी वरच्या मजल्यावरच्या कांचनला हाक मारली.

कांचन नाशिकची. नवऱ्याबरोबर नोकरीसाठी म्हैसूरला आलेली, वर भाड्याने राहणारी, आणि दिवसभर कानात यंत्र घालून घरूनच काम करणारी. ती यंत्रासकट खाली आली, “यस, यस, आय अॅग्री” असं कोणाला तरी म्हणाली, दोन ठिकाणी टिचकी मारली आणि डोंगर नाहीसे झाले.

“अपडेटमध्ये एक सेटिंग बदललं होतं, काकू. फोटोऐवजी चिन्हं दाखवत होता. आता ठीक.”

सतरा नंबर उघडला. लक्ष्मीदेवींनी चष्मा वर-खाली केला.

“हा लाल कुठाय?”

“हा काय, लाल.”

“ही तर वीट आहे.”

“मला तर छान वाटतोय, काकू. माझ्या स्क्रीनवरपण सगळं असंच ऊबदार दिसतं.” एवढं बोलून कांचन पुन्हा कोणाशी तरी सहमत होत वर निघून गेली.

वेल विटकरी दिसत होती. हत्ती हळद लावून बसले होते. गेल्या आठवड्यात याच खोलीत याच फोटोत लाल बरोबर होता, हे लक्ष्मीदेवी शपथेवर सांगायला तयार होत्या. दामोदररावांचं मत असं पडलं की वयोमानाने डोळ्यांत पिवळेपणा येतो. हे मत त्यांनी नंतर आयुष्यात कधी उच्चारलं नाही.

मंगळवारी त्यांनी कंपनीच्या मदतकेंद्राला फोन केला. हा भाग त्यांना मनापासून आवडला, कारण तिकडून सगळं कचेरीसारखं होतं. इंग्रजीसाठी एक, हिंदीसाठी दोन, कन्नडसाठी पाच. मग सनई. मग हर्षिता नावाच्या मुलीने यंत्राच्या पाठीवरचा नंबर विचारला. तो वाचायला दामोदररावांनी यंत्र उलटं केलं, त्याबरोबर वायर निघाली, कॉम्प्युटर बंद पडला, आणि हर्षिता म्हणाली, “सर, आता तुमच्यासमोर काय दिसतंय?”

“काळोख,” दामोदररावांनी खरं ते सांगितलं.

पुन्हा पहिल्यापासून. शेवटी लक्ष्मीदेवींनी फोन हातात घेतला आणि कन्नडमध्ये सरळ विचारलं, “मुली, लाल रंग विटकरी दिसतोय. काय करू?”

“मॅम, चित्र दिसतंय ना?”

“दिसतंय.”

“मग चित्र दिसत नाही ही तक्रार मी बंद करते. रंगाची तक्रार वेगळ्या विभागाकडे जाते. ते बहात्तर तासांत फोन करतील.”

बहात्तर तास म्हणजे थेट शुक्रवार. दामोदररावांना मात्र पंधरा आकडी तक्रार क्रमांक मिळाला. तो त्यांनी वहीत लिहिला, खाली दोन रेघा ओढल्या आणि काम झाल्यासारखे ते कॉफी प्यायला बसले.

“शिवाय याचं घड्याळही चुकलंय,” ते म्हणाले. “सकाळचे दहा वाजलेत आणि हा काल रात्रीचे साडेनऊ दाखवतोय.”

“या घरात वेळेवर कोण आहे?” लक्ष्मीदेवी म्हणाल्या आणि त्यांनी त्या घड्याळाकडे पाठ फिरवली. हे वाक्य त्यांना दोन दिवसांनी फार महागात पडणार होतं.

त्या रात्री त्यांना आप्पांचा नियम आठवला. रंग दिव्याखाली बघायचा नाही. उन्हातही नाही. सकाळी दहा वाजता, सावलीत. अंगणात कडुनिंब होता, त्याच्या सावलीत आप्पा कापड धरायचे आणि गिऱ्हाईक कितीही घाईत असो, दहा वाजेपर्यंत त्याला उप्पिट्टू खायला घालून बसवून ठेवायचे. एकदा राजवाड्यातून माणूस आला होता, त्यालासुद्धा बसवलं होतं.

बुधवारी सकाळी पावणेदहाला लक्ष्मीदेवींनी कॉम्प्युटर अंगणात काढायचा हुकूम दिला.

“ट्यूबलाइटखाली बघतोय आपण तीन दिवस. कसा कळणार रंग?”

“यंत्र घराबाहेर नेऊ नये असं कुठेतरी...”

“कुठे लिहिलंय?”

दामोदररावांना ते कुठे लिहिलंय हे आठवेना. मग स्टूल गेलं, स्टुलावर चादर, चादरीवर मॉनिटर, बाजूला डबा, आणि खिडकीतून दोन एक्स्टेंशन बोर्ड जोडून वायर. अग्रहारात कोणी दाराबाहेर रांगोळीची डबी जरी नेहमीपेक्षा मोठी आणली तरी चार माणसं थांबतात. इथे तर साक्षात कॉम्प्युटर कडुनिंबाखाली बसवला होता. दहा वाजेपर्यंत फाटकात पंधरा माणसं जमली. त्यात स्वतः मानाजीराव होते, आणि काठी टेकत आलेले नरसिंहप्पा होते. नरसिंहप्पांचं वय अठ्ठ्याऐंशी. आप्पांच्या हाताखाली काम केलेले ते एकटेच उरले होते.

सतरा नंबर उघडला. रंगाऱ्यांच्या नातवंडांमधलं सगळं जुनं रक्त एकदम जागं झालं.

“तुरटी कमी पडली,” नरसिंहप्पा म्हणाले.

“पाणी बदललं असणार,” औषधाच्या दुकानाचा मालक म्हणाला.

“अय्यो, पहिल्या काढ्यातच काढलंय कापड. दुसरा हात दिलेलाच नाही,” बँकेतून निवृत्त झालेली एक बाई म्हणाली. तिने आयुष्यात एक रुमालही रंगवला नव्हता, पण तिची आजी रंगवायची.

“हत्ती पिवळे का पण?”

“जुनं कापड पिवळं पडणारच की.”

हा कॉम्प्युटर आहे, कढई नाही, असं म्हणायला तिथे कोणीही नव्हतं. कांचन वरच्या खिडकीतून बघत होती, पण तिचा कोणाशी तरी सहमत होण्याचा कार्यक्रम चालू होता.

लक्ष्मीदेवींनी नरसिंहप्पांकडे पाहिलं. “मग देऊ या का हात?”

“दे, अम्मणी. पण एकदम नको. थोडा थोडा.”

फोटोचा रंग कमी-जास्त करायच्या पट्ट्या कुठे असतात हे नातीने मागे दाखवलं होतं. एक पट्टी निळ्याची, एक तांबड्या-जांभळ्याची. लक्ष्मीदेवींनी निळ्याची पट्टी एक घर सरकवली. फाटकातून ‘हं’ असा आवाज आला. आणखी एक घर. ‘हंऽ’. प्रत्येक हात दिल्यावर त्या ‘सेव्ह’ करत होत्या, कारण दिलेला रंग पक्का करायचा असतो. आणि प्रत्येक हाताची एक रेघ त्या पेन्सिलने अंगणाच्या भिंतीवर ओढत होत्या. निळ्याची आडवी, जांभळ्याची उभी. आप्पांच्या कारखान्यातली भिंत अशा कोळशाच्या रेघांनी भरलेली असायची. मोजायला बसलेला माणूस चुकतो, भिंत चुकत नाही, असं ते म्हणायचे. ही भिंत गणपतीच्या आधीच रंगवून घेतलेली होती. दामोदररावांनी एकदाच “अगं, भिंत...” म्हटलं आणि जमलेल्या समाजाचा चेहरा बघून ते मागे सरले.

सात आडव्या आणि चार उभ्या रेघा झाल्या, तेव्हा नरसिंहप्पांनी काठी आपटली. “थांब!”

लाल आला होता. हत्ती पांढरे झाले होते. भात वाढणारी नखं लक्ष्मीदेवींना स्पष्ट दिसली.

टाळ्या पडल्या. मानाजीरावांनी घसा साफ केला.

“लक्ष्मक्का, तुमच्या हाताला गुण आहे. आता माझंही एक काम करा. माझा फ्लेक्सवरचा फोटो याच डब्यात आहे ना, सभेचा? त्यात मी कावीळ झाल्यासारखा दिसतोय. त्यालाही दोन-चार हात द्या.”

लक्ष्मीदेवींच्या मनात पुष्कळ उत्तरं आली. पण समाजाचा अध्यक्ष अंगणात उभा असताना त्याला नाही म्हणणं बरं दिसत नाही. त्यांनी मानाजीरावांना नऊ हात दिले. ते गोरेपान, गुलाबी झाले. ते स्वतःकडे बराच वेळ बघत राहिले आणि मग पेनड्राइव्ह खिशात घालून थेट फ्लेक्सवाल्याकडे गेले.

दामोदररावांनी दुसरी पेनड्राइव्ह पाकिटात घातली, सोबत पत्र लिहिलं, ‘यासोबत पेनड्राइव्ह नग एक जोडली आहे, पोच द्यावी’, आणि दुपारच्या बसने ते नंजनगूडला पोचले.

गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला विजयेंद्र स्वतः आला. तो म्हैसूरलाच राहायचा, कारखान्यातून घरी जाता जाता छापलेला तुकडा दाखवायला थांबला. माणूस सभ्य, कपाळाला गंध, बोलणं कन्नड. त्याने पिशवीतून हातभर कापड काढून टेबलावर पसरलं.

वेल वांग्यासारखी जांभळी होती. हत्ती निळसर, थंडीत कुडकुडल्यासारखे.

“हे काय आहे?” लक्ष्मीदेवी म्हणाल्या.

“अम्मा, तुम्ही पाठवलं ते आहे.”

“मी वांगं पाठवलं?”

“मी बावीस वर्षं छपाई करतोय, अम्मा. जे येतं ते छापतो. मलाही वाटलं, देवीला जांभळा कसा? पण पत्र इतकं कडक होतं की विचारायची हिंमत झाली नाही.”

“अहो, लावा कॉम्प्युटर!”

दामोदररावांनी घड्याळाकडे बघितलं. दिवेलागणीनंतर यंत्राला विश्रांती द्यायची हा त्यांचा नियम होता, आणि घरात कॉम्प्युटर आल्यापासून तो एकदाही मोडला नव्हता. आज बायकोचा चेहरा बघून त्यांनी नियम बाजूला ठेवला.

सतरा नंबर उघडला. स्क्रीनवर आप्पांचा लाल, टेबलावर वांगं. विजयेंद्र स्क्रीनकडे बघे, मग कापडाकडे बघे. त्याचाही अपमान झाला होता आणि लक्ष्मीदेवींचाही, आणि दोघंही एकमेकांना कॉफी घ्या, कॉफी नको, असं फार नम्रपणे म्हणत होते. उद्या बारा वाजता मशीन दुसऱ्या कामाला लागणार होतं. देवळाच्या फाटकाशी फ्लेक्ससाठी बांबू येऊन पडले होते. ते आत न्यायचे की बाहेर ठेवायचे, एवढंच उरलं होतं. लक्ष्मीदेवी खुर्चीतून हलल्या नाहीत. लाल कुठे सांडला हे कळेपर्यंत त्या हलणार नव्हत्या. सात वाजले, सव्वासात झाले, दुसरी कॉफी झाली. “यंत्र तापलं असेल,” असं दामोदरराव तीनदा म्हणाले.

साडेसातला देवळात आरतीची घंटा झाली, आणि तिघांच्या डोळ्यांदेखत स्क्रीनवरचा लाल हलला. कोणी हात लावला नव्हता. कोणी फुंकरसुद्धा मारली नव्हती. लाल हळूहळू जांभळा होत गेला, हत्ती निळे पडले, आणि अर्ध्या मिनिटात टेबलावरचं वांगं स्क्रीनवर येऊन बसलं.

विजयेंद्रने कपबशी खाली ठेवली आणि गंधाला हात लावला. दामोदरराव म्हणाले, “मी सांगत होतो, विश्रांती द्या म्हणून.”

लक्ष्मीदेवींनी मात्र स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात बघितलं. तिथलं घड्याळ, ज्याच्याकडे त्यांनी मंगळवारी पाठ फिरवली होती, सकाळचे सात दाखवत होतं.

“अहो,” त्या हळूच म्हणाल्या, “तुमची वही आणा. सोमवारची. वाचा.”

दामोदररावांनी वाचायला सुरुवात केली. “प्रश्न एक, भाषा. उत्तर, आहे ती. प्रश्न दोन, आपण कोणत्या ठिकाणच्या वेळेप्रमाणे चालता? उत्तर, छापून आलेलं होतं तेच ठेवलं.”

“काय छापून आलं होतं?”

“अमेरिका. पश्चिम किनारा.”

“आपण अमेरिकेत राहतो?”

“छापील मजकुरात खाडाखोड करू नये,” दामोदरराव म्हणाले, पण आवाज जरा खाली आला होता. “प्रश्न तीन... ते जाऊ दे. प्रश्न चार, रात्री डोळ्यांना आराम पडावा म्हणून स्क्रीनचा उजेड पिवळसर करू काय? उत्तर, होय.”

विजयेंद्रला सगळ्यात आधी हसू आलं, पण तो पाहुणा असल्यामुळे ते त्याने कॉफीत बुडवलं.

म्हणजे इथे दिवस उजाडला की यंत्राला वाटायचं रात्र झाली, आणि ते दिवा लावून बसायचं. इथे दिवेलागण झाली की त्याची सकाळ व्हायची, आणि नेमकं तेव्हाच दामोदरराव त्याला झोपवायचे. दिव्याखाली रंग बघायचा नाही म्हणून लक्ष्मीदेवींनी दोन वायरी जोडून अंगणात नेला तो कॉम्प्युटर आपला दिवा पोटात घेऊनच बाहेर आला होता. आणि त्या दिव्याचा पिवळेपणा झाकायला त्यांनी आप्पांच्या बिचाऱ्या बरोबर असलेल्या लालवर अकरा हात दिले होते. समाजासमोर. टाळ्या घेऊन.

कांचनला खाली बोलावलं. तिने बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. “अय्या, काकू! माझ्या लॅपटॉपवर हे लॉकडाऊनपासून चालूच आहे. मला वाटायचं, जगच असं दिसतं.” मग तिला एकदम काहीतरी आठवलं. “म्हणजे ऑनलाइन मागवलेल्या तीन साड्या मी रंग वेगळा म्हणून उगाचच परत पाठवल्या?”

तिने म्हैसूरची वेळ लावली, पिवळा दिवा बंद केला आणि मग तिचा चेहरा पडला. “पण काकू, तुम्ही प्रत्येक वेळी त्याच फोटोवर सेव्ह केलंत. मूळ फोटो राहिला नाही. काकांच्या फोनमध्ये असेल ना?”

तो फोन दामोदररावांनी ‘जुना फोन बदलून नवा न्या’ या सूचनेनुसार बदलून टाकला होता.

विजयेंद्र उठला. “अम्मा, सावकाश करा. दिवाळीनंतर छापू.”

“सुम्मने बसा,” लक्ष्मीदेवी म्हणाल्या. म्हैसुरात पाहुण्याला ‘उगाच बोलू नका, बसा’ हे इतक्या कमी शब्दांत सांगायला यापेक्षा बरा शब्द नाही. त्या खिडकीतून अंगणाच्या भिंतीकडे बघत होत्या. सात आडव्या, चार उभ्या.

कापडाला दिलेला हात परत घेता येत नाही. लहानपणी एकदा आप्पांनी लग्नाचं अख्खं ठाण जास्त काढ्यात ठेवलं होतं. ते दोन दिवस जेवले नाहीत आणि मग त्यांनी ते ठाण गोधड्यांसाठी वाटून टाकलं. पण हे कापड नव्हतं.

“हात उतरवता येतात का गं यात? मागे?”

“येतील की, काकू. पट्टी उलट सरकवायची. पण किती सरकवली होती ते...”

लक्ष्मीदेवींनी भिंतीकडे बोट दाखवलं.

काम मात्र त्यांनी रात्री केलं नाही. दामोदररावांनी, कांचनने आणि विजयेंद्रने आळीपाळीने सांगून पाहिलं. “दहा वाजता,” एवढंच त्यांचं उत्तर होतं. झोपण्यापूर्वी त्यांनी मानाजीरावांना फोन लावला, कारण माणसाने प्रामाणिक असावं.

“मानाजीराव, तो तुमचा फोटो. त्याचा रंग चुकलाय. छापू देऊ नका.”

“बेडा, लक्ष्मक्का, बेडा! मुळीच नको!” मानाजीरावांचा आवाज दुखावला होता. “मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय. इतका चांगला मी लग्नातही दिसलो नव्हतो. फ्लेक्स व्हायला नको म्हणून तुमचं चाललंय, कळतं मला.” आणि त्यांनी फोन ठेवला.

शुक्रवारी दहा वाजता खिडकी सताड उघडून, ट्यूबलाइट बंद करून लक्ष्मीदेवी बसल्या. नरसिंहप्पांना मुद्दाम बोलावलं होतं. खिडकीबाहेर अंगणात उभे राहून दामोदरराव प्रत्येक रेघेवर खडूने फुली मारत होते आणि मोठ्याने आकडा म्हणत होते. एक हात उतरला. दोन उतरले. जांभळा वितळत गेला. “चार पिढ्यांत दिलेला हात कोणी परत घेतला नव्हता,” नरसिंहप्पा म्हणाले आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कॉम्प्युटरकडे आदराने पाहिलं. शेवटच्या फुलीला लाल आला. अगदी तंतोतंत नाही. लक्ष्मीदेवी डोळे मिटून थोडा वेळ बसल्या, मग डोळे उघडून त्यांनी जांभळ्याच्या पट्टीचं अर्धं घर सरकवलं. ती अर्धी रेघही भिंतीवर ओढायला लावली.

पेनड्राइव्ह घेऊन दामोदरराव अकराच्या बसला धावले. या वेळी सोबत पत्र नव्हतं. बाराला सात मिनिटं कमी असताना विजयेंद्रचा फोन आला. “पोच,” तो म्हणाला.

घटस्थापनेच्या सकाळी देवळाच्या फाटकावर फ्लेक्स लागला. मानाजीराव दहा फुटांत हात जोडून उभे होते, पायापासून पगडीपर्यंत निळे. येणाऱ्या बायका आधी दचकत होत्या आणि मग हात जोडत होत्या. पिरियापट्टणहून आलेल्या एका पाहुण्याने तर चपला फाटकाबाहेरच काढल्या.

“लक्ष्मक्का,” मानाजीराव बाजूला येऊन कुजबुजले, “मला दिलेले हात जरा जास्तच झाले काय?”

“नऊ उतरवायला हवे होते.”

“आता उतरवता येतील?”

“मशीनमध्ये उतरतात. फ्लेक्सवरचे नाही.”

मानाजीरावांनी फाटकाकडे पाहिलं. आणखी एक कुटुंब त्यांच्या फोटोसमोर वाकलं होतं. “मग राहू दे,” ते जरा विचार करून म्हणाले. “लोकांना आवडलेलं दिसतंय.”

आत गाभाऱ्यात नवा पडदा देवीमागे चढवायला घेतला होता, पण लक्ष्मीदेवींनी तो आधी अंगणातल्या सावलीत मागवला. दहा वाजले होते. त्यांनी एक कोपरा तांब्यातल्या पाण्यात बुडवला, पिळला आणि पांढऱ्या पदराला पुसला. पदर कोरा राहिला. नरसिंहप्पांनी काठी भिंतीला टेकवली आणि आपला हात त्या लाल भुईवर ठेवला, बोटं पसरून. बराच वेळ ते कापड न बघता स्वतःची पांढरी, म्हातारी नखंच बघत राहिले. मग त्यांनी मान हलवली आणि हात काढून घेतला.

दामोदरराव वही उघडून, पेनाचं टोपण काढून मागेच उभे होते. देवळाची मालमत्ता नव्याने नोंदवायची होती.

“मालमत्ता क्रमांक सतरा. पडदा, छापील, नग एक. रंग...” ते थांबले. “रंग काय लिहू? लाल?”

“‘तोच’ लिहा.”

“अगं, तोच म्हणजे कोणता? सरकारी पद्धतीत असं चालत नाही. उद्या कोणी चौकशी केली तर?”

लक्ष्मीदेवींनी ओला कोपरा झटकून नीट केला आणि पडदा चढवणाऱ्यांच्या हातात दिला.

“चौकशी करणाऱ्याला माझ्याकडे पाठवा,” त्या म्हणाल्या. “सकाळी दहा वाजता.”